मशीनचा दोन दिवसांचा विसावा

माझी भाची पुण्यात असते. परवा तिचा फोन आला. तिला तिच्या वेबसाइटसाठी स्वतःचा सर्व्हर घ्यायचा होता आणि कुठला घ्यावा हे मावशीला विचारायचं होतं. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं तिने आधीच पाठवली होती. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं छान रंगीत छापलेलं. मी एवढंच विचारलं, की बिघडला तर तुझ्याकडे कोण येणार, आणि कुठून. ती म्हणाली, "अगं, तो बिघडतच नाही."

माझा राग जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर आहे. पण तो पोरीवर कशाला काढायचा? हेच वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं होतं ते परभणी जिल्ह्यात, एका साखर कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा मिटायचा होता, बंदची हाक आली की एसटी आगारातच उभी राहायची, आणि कारखान्याच्या अख्ख्या कचेरीत मी एकटी बाई होते.

माझं गाव वालूर. घरची शेती. परभणीला बीएस्सी केलं, औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि कारखान्याने कॉम्प्युटर विभाग उघडायचं ठरवलं तेव्हा अर्ज टाकला. नोकरी मिळाली, पण हंगामी. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर. दर सहा महिन्यांनी कार्यकारी संचालकांच्या टेबलावर माझी ऑर्डर जायची, आणि ती सही होऊन येईपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. घरी वडील म्हणायचे, "न्हाई निघाली ऑर्डर तर ये घरी, स्थळं बघू." ते प्रेमाने म्हणायचे. मला मात्र ती धमकी वाटायची.

पहिलं काम मिळालं ते मशीन निवडण्याचं. सर्व्हर हा शब्द आमच्याकडे तेव्हा पोचलेला नव्हता. एक मोठं मशीन आणि त्याला वायरींनी जोडलेले आठ टर्मिनल, म्हणजे आठ पडदे आणि आठ कीबोर्ड, असा तो संसार. टर्मिनलला स्वतःची अक्कल नसते. मोठं मशीन चाललं तर आठही चालणार, ते थांबलं तर आठही माणसं हात बांधून बसणार. त्यावर ऊसनोंदी ठेवायच्या होत्या. कुणी कुठल्या दिवशी किती उसाची लागवड केली, त्यावरून कुणाचा ऊस आधी तोडायचा तो क्रम लागतो. हा क्रम म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात नाजूक विषय. त्यात एक गाव वरखाली झालं तर माणसं काठ्या घेऊन गेटवर येत, आणि त्यात त्यांची चूक असतेच असं नाही.

खरेदी समितीपुढे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. टाय लावून, भर एप्रिलमध्ये. त्याचं मशीन दिसायला देखणं होतं. मी विचारलं, बिघडलं तर माणूस कुठून येईल? तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं मशीन थांबत नाही."

"न थांबणारी वस्तू परभणी जिल्ह्यात अजून आलेली नाही," मी म्हणाले. "एसटी थांबते, वीज थांबते, नळ थांबतो. तुमचं थांबलं की काय करायचं तेवढं सांगा."

तक्रार मुंबईला नोंदवायची, तिथून औरंगाबादला निरोप जाणार, मग तिथला इंजिनिअर सवडीने निघणार, असं हळूहळू बाहेर आलं. शिवाय खोलीत रात्रंदिवस एसी हवा. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो, तेव्हा ठीक. पण उन्हाळ्यात गाळप बंद असतं, बाहेरची वीज येते आणि जाते, जास्त करून जाते. एसी काय हातपंख्याने चालवायचा?

दुसरं मशीन हैदराबादच्या एका लहान कंपनीचं. डबा ओबडधोबड, रंग सरकारी कपाटाचा. पण त्यांचा इंजिनिअर नांदेडला राहत होता, बायकामुलांसह, स्वतःच्या घरात. मी नांदेडला जाऊन आले. तिथल्या एका सूतगिरणीत तेच मशीन चालू होतं. तिथल्या साहेबांना मी काही विचारलं नाही, कारण स्वतः घेतलेल्या वस्तूला कुठलाही साहेब वाईट म्हणत नाही. मी ऑपरेटरला विचारलं. त्याने मशीन मागून दाखवलं. पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची गोधडी बसलेली, आणि मशीन चालू. "बिघडतं की," तो म्हणाला. "पन सकाळी फोन केला तर दुपारी माणूस दारात असतो." मला हवं ते उत्तर मिळालं.

समितीत एक संचालक होते, पेडगावकडचे जुने शेतकरी. दोन्ही बाजू ऐकून ते म्हणाले, "बैल घेताना आमी कुणाच्या सांगण्यावर घेत न्हाई. नांगराला जुपून बघतो. चालला तर ठेवतो, न्हाई तर दावं धरून परत नेऊन देतो. हेला बी जुपून बघा." मुंबईवाला यावर बराच वेळ इंग्रजीत बोलला. हैदराबादवाल्याने मशीन टेम्पोत घालून पाठवून दिलं.

मे महिनाभर मी ते मशीन भुशाच्या ढिगाकडच्या शेडमध्ये जुंपलं. उसाचा वाळका भुसा वाऱ्यावर उडतो आणि अन्नात, अंथरुणात, कानात जातो. तिथे पत्र्याखाली, एसीशिवाय, फक्त एक टेबलफॅन लावून. मी मुद्दाम वीज घालवली, मुद्दाम आठही टर्मिनलवर एकदम नोंदी भरून घेतल्या. दोनदा ते अडलं, आणि दोन्ही वेळा नांदेडचा माणूस त्याच दिवशी आला. मग मी शिफारस लिहिली, आणि सोबत दोन गोष्टी हट्टाने मागितल्या. चांगल्या बॅटऱ्या, आणि रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची नक्कल उतरवून ठेवायला टेपचं यंत्र. डिस्क म्हणजे देव नाही, ती एक दिवस जाणारच, हे मी डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

कार्यकारी संचालकांनी कागद वाचला. ते हुशार होते, कडक होते, आणि कुणाशीही गोड बोलत नसत, यात बाई-पुरुष असा भेद त्यांनी कधी केला नाही, असं मला तेव्हा वाटायचं. ते म्हणाले, "शिफारस तुमची, सही तुमची. ऐन वेळी मशीन अडलं तर पुढची ऑर्डर निघणार नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शेतकी विभागाच्या हेडक्लार्कना आम्ही सगळे काका म्हणायचो. उभी हयात ऊसनोंदीत गेलेली. धोतर, वर पांढरा शर्ट, जाड काचांचा चष्मा. मशीन आलं तेव्हा ते त्याच्याकडे सवतीच्या पोराकडे बघावं तसं बघायचे. पण जून-जुलैत नोंदी भरताना त्यांना त्याचा लळा लागला. एखाद्या गावाचं नाव टाकलं की त्या गावच्या सगळ्या लागवडी तारखेवार पडद्यावर यायच्या, आणि काका स्वतःशीच म्हणायचे, "वा रं गड्या, लय गुणी हाय हे." खोलीत चप्पल घालून कुणी शिरलं तर माझ्याआधी तेच ओरडायचे. मी त्यांना मशीन नीट बंद करायलाही शिकवलं होतं. वीज लांबली आणि बॅटऱ्या उतरायला लागल्या तर काय करायचं, ते एखाद्याला तरी यायला हवं. ते चुकायचे नाहीत.

पावसाळा गेला. ऑगस्टपासून मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. नवरात्र आलं. आमच्या घरी घट बसतात, म्हणून मी रजा काढून वालूरला गेले. दसऱ्यानंतर चारसहा दिवसांत तोडणीचा क्रम गावोगाव लावायचा होता. टोळ्या ठरलेल्या, गाड्या ठरलेल्या. नोंदी पुऱ्या होत्या, फक्त कागद छापायचे राहिले होते.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत शिरले, तर मशीनच्या खोलीबाहेर सगळे उभे. आत झेंडूच्या फुलांचा वास. मशीनवर नवा कोरा टॉवेल पांघरलेला, पुढे नारळ, मशीनच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं, आणि आठही पडदे काळे.

मला कळायला वेळ लागला नाही. खांडेनवमीला आमच्याकडे औजारं पूजतात. नांगर, कोयते, वर्कशॉपमधला लेथ, वजनकाटा, जीप. पूजलेलं औजार त्या दिवशी आणि दसऱ्याला कामाला लावत नाहीत, त्याला विसावा देतात. काट्याला दिला, लेथला दिला, मग रात्रंदिवस राबणाऱ्या या गड्याने काय पाप केलं होतं? काकांनी खांडेनवमीच्या सकाळी मी शिकवल्याप्रमाणे एकेक पायरी करत मशीन बंद केलं. आदल्या संध्याकाळची टेप काढून कपाटात ठेवली. बॅटऱ्या बंद केल्या, त्या खोलीत आधीपासून असलेला एसी बंद केला, पूजा केली, टॉवेल पांघरला आणि दार ओढून घेतलं. दोन दिवस ते तसंच राहिलं. आता बटण दाबलं की दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण पुढे काही नाही.

"बाई, चुकलं का माझं?" काकांनी विचारलं.

 मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण इतक्या काळजीने कुणी माझंही कधी काही केलं नव्हतं. ज्या वस्तूला महिनोन्महिने फिरायची सवय झाली, तिला अचानक थांबवलं तर ती अडून बसू शकते, हे मला पुसटसं माहीत होतं. पण असं कुणी थांबवेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. मी नांदेडला फोन लावला. त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. इंजिनिअर म्हणाला, बस नाही, पण रेल्वे आहे, परभणी स्टेशनवर गाडी पाठवा. जीप गेली.

तेवढ्यात शिपाई आला, कार्यकारी संचालक साहेबांनी बोलावलंय म्हणून.

मी केबिनकडे निघाले. मला भीती वाटत होती. नोकरी जाण्याची, आणि त्याहून जास्त, वालूरच्या एसटीतून पिशव्या घेऊन उतरण्याची. दारातच काका दिसले. ते माझ्या आधी पोचले होते आणि आतून बाहेर येत होते. "तुमी बसा भाईर," ते म्हणाले. "झालं बोलून." साहेबांनी मला आत घेतलं, मशीन केव्हा सुरू होईल एवढंच विचारलं. मी म्हणाले, इंजिनिअर येतोय. ते म्हणाले, या आता. ऑर्डरीचा विषय निघाला नाही. मला आश्चर्य वाटलं, पण आश्चर्य करत बसायला सवड नव्हती.

इंजिनिअर दुपारी आला. उंच, सडपातळ, तोंडात पान. नारळ बघून त्याने आदराने बाजूला ठेवला, टॉवेलची घडी करून काकांच्या हातात दिली. मशीनचं पाठचं झाकण काढलं, मला बटण दाबायला सांगितलं आणि डिस्कवर कान ठेवला. बराच वेळ ऐकलं.

"मरा नै मॅडम," तो म्हणाला. "चिपक के बैठा है."

मग त्याने समजावलं. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारं टोक फिरतं. ती थांबली की टोक तबकडीवर टेकतं. एसी बंद, हवेत ओल, दोन दिवस बसून राहिलं, आणि गुळाच्या डब्याचं झाकण बसावं तसं घट्ट बसलं. मोटर जोर लावत होती, पण तिचा जोर पुरत नव्हता. त्याने डिस्क सोडवून हातात घेतली, वायरी तशाच ठेवून. मला म्हणाला, दाबा बटण. आणि त्याच क्षणी त्याने मनगटाला एक झटका दिला, आडवा, कुलपात किल्ली फिरवावी तसा.

सूं असा बारीक आवाज आला आणि चढत गेला. काकांनी डोळे मिटून हात जोडले. मी चक्क रडले, सगळ्यांसमोर.

"अब इसकू बंद नक्को करो," इंजिनिअर म्हणाला. "कभीच. पूजा करो, फूल चढाव, पन चालते चालते." त्याने आधी सगळ्याची नक्कल टेपवर उतरवली. ती डिस्क आता भरवशाची राहिली नव्हती, म्हणून ती बदलायला तेवढं एकदा, शेवटचं, मशीन थांबवावं लागेल म्हणाला. हैदराबादहून नवी मागवली, आणि ती येईपर्यंत नांदेडला न जाता आमच्या गेस्ट हाउसवर राहिला. तोडणीचे कागद ठरल्या दिवशी गावोगाव लागले. एकही माणूस काठी घेऊन आला नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपण मशीन नाही निवडलं, नांदेडचा हा माणूस निवडला.

उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं. माझी ऑर्डर निघाली, आणि पुढच्या वेळी कायमची निघाली.

काकांना मेमो मिळाल्याचं मला नंतर कळलं, तेही आस्थापनेतल्या कारकुनाच्या तोंडून. परवानगीशिवाय यंत्र बंद केल्याबद्दल काकांना साहेबांनी लेखी ताकीद दिली होती, आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली होती. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. आयुष्यात त्यांना कुणी तोंडी सुद्धा बोललेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी तडक शेतकी विभागात गेले. काका नोंदी तपासत बसले होते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं साहेबांच्या केबिनमध्ये जायला?" मी म्हणाले. "मशीन सुरू झालं, टेप होती, कागद वेळेवर गेले. कुणाचं काही बिघडलं नाही. मी सांभाळलं असतं माझं मी. माझी शिफारस होती, मी निस्तरलं असतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. घाई नव्हतीच त्यांना कशाची.

"तुमी यायच्या आदी साहेब मला म्हनले," ते म्हणाले. "म्हनले, बाईच्या हाती मशीन दिलं की हेच व्हायचं. आता भरतीत एकबी बाई नको. तसं लिहूनच ठेवतो म्हनले." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बाई, तुमी गेल्या असत्या तर एकट्या गेल्या नसत्या. म्हनून मी सांगितलं, मशीन मी बंद केलं. खोटं थोडंच सांगितलं?"

 मी तशीच माझ्या खोलीत येऊन बसले. पडद्यावर कुठल्याशा गावाच्या नोंदी उघड्या होत्या, त्या मला दिसत नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी काका निवृत्त झाले. आमच्याकडे निरोपाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सभागृहात सतरंज्या, शाल, श्रीफळ, कारखान्याचा फोटो, आणि साहेबांचं भाषण. त्या भाषणात एक शब्द हटकून असायचा, शिपाई असो की अभियंता. 'निष्कलंक.' तो सगळ्यांनाच मिळायचा, ज्यांची सेवा तशी नव्हती त्यांनाही. साहेब काकांबद्दल चांगलं बोलले. प्रामाणिकपणा म्हणाले, निष्ठा म्हणाले, ऊसनोंदीतलं ज्ञान म्हणाले. साहेब नियमाचे पक्के होते, सेवापुस्तक वाचूनच बोलायला उभे राहायचे. तो एक शब्द त्यांनी उच्चारला नाही.

काका व्यासपीठावर शाल सावरत बसले होते. त्यांनी खाली मान घातलेली मी पाहिली. मी टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. माझ्या शेजारी नव्या भरतीतल्या दोन मुली बसल्या होत्या, एक पालमची, एक परभणीची. त्याही टाळ्या वाजवत होत्या, आणि हे गृहस्थ कोण म्हणून एकमेकींना विचारत होत्या.